लहान विमानातून दोघांनी मेक्सिको: पहिल्या सफरीची तयारी, पायरीपायरीने

ॲरिझोनातल्या टुसॉनहून सकाळी साडेसातला उड्डाण केलं, की साडेनऊच्या सुमारास मेक्सिकोतल्या ग्वाय्मासला चाकं टेकतात. तिथे कागदपत्रं, इंधन, एक कॉफी. मग कॅलिफोर्नियाचं आखात ओलांडायचं, पलीकडच्या बाजा या लांबट द्वीपकल्पाच्या किनाऱ्याने दक्षिणेला वळायचं, आणि दुपारचं जेवण लोरेतो गावात. हाच प्रवास गाडीने करायचा तर आखाताला वरून वळसा घालून दोन दिवस जातात. आमचं विमान सेस्ना १८२ आहे: एक इंजिन, चार सीट, साधारण १३५ नॉटचा वेग, म्हणजे तासाला तेवढे नॉटिकल मैल. मी उडवते, नवरा उजव्या सीटवर असतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आता पायलटचं लायसन्स घेत आहेत. विमान उडवता येतं, पण सीमा ओलांडायची भीती वाटते, असं त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडून मी ऐकलं आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

ही भीती बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीची असते. मेक्सिकोचं आकाश अवघड नाही. बाजाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातली सकाळ म्हणजे स्वच्छ हवा आणि तुरळक रहदारी. अवघड आहे ती कागदांची शिस्त, इंधनाचा हिशेब आणि घड्याळ. या तिन्ही गोष्टी एकट्या पायलटने सांभाळायच्या नसतात. जोडप्याने जायचं असेल तर उजव्या सीटवरच्या माणसाला पहिल्या दिवसापासून खरं काम द्या. माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हेच आहे आणि पुढे ते पुन्हा पुन्हा येईल.

तीन महिने आधी: माणसांचे कागद

नेहमीच्या विमानाने जाताना तुमचा व्हिसा चालतो की नाही हे एअरलाइनच्या काउंटरवरच तपासलं जातं. स्वतःच्या विमानात तसं थांबवणारं कुणी नाही. चूक झाली तर ती परक्या देशाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेत, उभं असताना कळते, आणि जबाबदारी पायलटची.

भारतीय पासपोर्ट असेल आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा मुदतीतला अमेरिकी व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. इथे एच-वन-बीवाल्यांनी नीट लक्ष द्या. पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का मुदतीत हवा. शिक्का संपलेला आहे आणि हातात फक्त मंजुरीची नोटीस आहे, एवढ्यावर मेक्सिको आत घेत नाही. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, व्हिसा यांच्या तारखा आजच उघडून बघा. नूतनीकरणाला महिने लागतात.

विमानाच्या मालकीबद्दलही एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर करायचं तर नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. ते नसेल तर विमान भाड्याने किंवा क्लबकडून घ्यावं लागेल. कित्येक क्लब आपली विमानं मेक्सिकोला नेऊ देत नाहीत, म्हणून सगळ्यात आधी तेच विचारा. परवानगी मिळाली तर मालकाचं नोटरी केलेलं पत्र घ्या. या विमानातून, या तारखांना, या पायलटला मेक्सिकोला जाण्याची मुभा आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. पत्राची स्पॅनिश प्रत सोबत असेल तर रॅम्पवरचा अर्धा तास वाचतो.

पायलटच्या लायसन्सवर ‘इंग्लिश प्रोफिशियंट’ हे शब्द छापलेले आहेत ना, तेही पाहा. जुन्या कार्डावर नसतात. मेडिकल सर्टिफिकेट मुदतीत हवं.

दोन महिने आधी: विमानाचे कागद

विमानाचं नोंदणीपत्र कायमचं हवं. विमान नुकतंच घेतलं असेल तर मिळणारी तात्पुरती गुलाबी चिठ्ठी देशाबाहेर चालत नाही. विमान उडण्याजोगं असल्याचं एअरवर्दिनेस सर्टिफिकेट, वजन-समतोलाचा कागद आणि विमानाचं हँडबुक या गोष्टी तर नेहमीच विमानात असतात.

देशात उडताना कधी न लागलेल्या दोन गोष्टी इथे लागतात: विमानाच्या रेडिओचं स्टेशन लायसन्स आणि रेडिओवर बोलणाऱ्याचं परमिट. दोन्ही एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडून मिळतात. पहिलं दहा वर्षं चालतं, दुसरं आयुष्यभर. अर्ज ऑनलाइन होतो, पण शेवटच्या आठवड्यावर सोडू नका.

सीमेवर अमेरिकेचा हवाई संरक्षण ओळख पट्टा आहे. त्यातून जाताना विमानाच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक १२ इंच उंच अक्षरांत असावा लागतो. बऱ्याच लहान विमानांवर तो तीन इंचांचा असतो. नवा रंग द्यायची गरज नाही, चिकटपट्टीने तात्पुरती अक्षरं लावली तरी नियमात बसतं. आम्ही पहिल्या वर्षी गडद रंगाच्या टेपची अक्षरं कापून लावली होती. नवऱ्याने पुठ्ठ्याचे साचे करून घेतले होते, म्हणून ती सरळ बसली.

अमेरिकी कस्टम्सचा वार्षिक स्टिकरही घ्यावा लागतो. ऑनलाइन पैसे भरले की पोस्टाने घरी येतो.

आता विमा. मेक्सिकोत उडणाऱ्या विमानाचा तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा मेक्सिकन विमा कंपनीचाच असावा लागतो. अमेरिकेतली पॉलिसी कितीही मोठी असली तरी इथे ती पुरत नाही. अमेरिकेतले विमान-विम्याचे एजंट ही मेक्सिकन पॉलिसी एक-दोन दिवसांत काढून देतात. स्पॅनिशमधली पॉलिसी छापून जवळ ठेवा, ती खरोखर मागतात. त्याच वेळी तुमच्या नेहमीच्या पॉलिसीत मेक्सिकोचा प्रदेश धरला आहे का आणि मातीच्या धावपट्टीवर उतरल्यास संरक्षण मिळतं का, हे लेखी विचारून घ्या. बाजात गावोगावी, किनाऱ्यालगत मातीच्या धावपट्ट्या आहेत आणि त्यांचं आकर्षण मोठं आहे. तरीही पहिल्या सफरीत त्यांच्या वाटेला जाऊ नका, असं मी मनापासून सांगेन. डांबरी विमानतळांवरच पहिल्या वेळी शिकण्यासारखं पुष्कळ असतं.

या सगळ्या कागदांचे प्रत्येकी सहा संच काढा. इमिग्रेशन, कस्टम्स, विमानतळाची कचेरी, प्रत्येक जण एक प्रत ठेवून घेतो, आणि झेरॉक्सचं दुकान रॅम्पपासून कितीतरी लांब असतं.

कधी जायचं, कुठे जायचं

नोव्हेंबर ते एप्रिल. पूर्व पॅसिफिकमधला चक्रीवादळांचा काळ १५ मे ते ३० नोव्हेंबर असा धरतात. उन्हाळ्यात बाजाची धावपट्टी एवढी तापते, की हवा विरळ होऊन विमानाला उठायला लांब पळावं लागतं. हिवाळ्यातही एक काळजी आहेच, उत्तरेच्या वाऱ्याची. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पठारावर हवेचा दाब वाढला, की तो वारा आखाताच्या लांबीने दक्षिणेकडे सुटतो आणि कधीकधी दिवसेंदिवस थांबत नाही. खाली पाण्यावर पांढऱ्या लाटा दिसतात, वर धक्के बसतात. म्हणून सुट्टी सात दिवसांची असेल तर कार्यक्रम पाच दिवसांचाच आखा. दोन दिवस वाऱ्याचे.

पहिल्या सफरीसाठी मी एकच मार्ग सुचवते: टुसॉन, ग्वाय्मास, लोरेतो, जमल्यास ला पास, आणि परत. टुसॉन ते ग्वाय्मास सुमारे २५० नॉटिकल मैल. ग्वाय्मासहून सांता रोसालियापाशी आखात ओलांडून किनाऱ्याने लोरेतो साधारण १७५. लोरेतो ते ला पास सव्वाशेच्या आसपास. सगळे विमानतळ समुद्रसपाटीच्या जवळ, त्यामुळे उंचीवरच्या विरळ हवेचा प्रश्न नाही. याउलट तोलुका, म्हणजे मेक्सिको शहराजवळचं खासगी विमानांचं ठिकाण, साडेआठ हजार फुटांच्या जवळ आहे. तिथे आमच्यासारखं विमान दुपारी नेणं हे नवख्याचं काम नाही.

या मार्गाची आणखी एक सोय आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, आणि मेक्सिकोच्या बहुतेक भागाने ऑक्टोबर २०२२ पासून ती पद्धत बंद केली. त्यामुळे टुसॉन, ग्वाय्मास, लोरेतो आणि ला पास इथली वेळ वर्षभर सारखीच असते. सॅन डिएगोकडून सान फेलिपेमार्गे आलात तर मात्र सावध राहा. उत्तरेकडचं बाजा कॅलिफोर्निया राज्य कॅलिफोर्नियाबरोबर घड्याळ बदलतं.

लोस मोचिसला विमान ठेवून एल चेपे रेल्वेने कॉपर कॅन्यन बघायचा मोह सगळ्यांना होतो. १९६१ साली पूर्ण झालेली ती रेल्वे खरोखर बघण्यासारखी आहे. पण लोस मोचिस सिनालोआ राज्यात आहे आणि त्या राज्याबद्दल अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा इशारा बरीच वर्षं सगळ्यात कडक पातळीवर आहे. हे इशारे राज्यागणिक वेगळे असतात. निघायच्या आठवड्यात प्रत्येक राज्याचा वेगळा वाचा, ग्वाय्मास ज्यात आहे त्या सोनोराचासुद्धा.

उजव्या सीटवरचं काम

विमानात दुसरं माणूस नुसतं बसलेलं असलं की त्याची भीती वाढते, आणि ती भीती पायलटलाही लागते. पहिल्या सफरीच्या आधी नवऱ्याने ‘पिंच हिटर’ नावाचा छोटा कोर्स केला. पायलट नसलेल्या सोबत्याला विमान सरळ ठेवणं, रेडिओवर मदत मागणं आणि वेळ पडलीच तर विमान खाली आणणं शिकवणारे असे कोर्स अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी होतात. एक शनिवार-रविवार जातो. त्यानंतर तो पाण्यावरून जाताना खिडकी सोडून इंजिनाचे काटे बघायला लागला. त्यातला फरक मला लगेच जाणवला.

आमची कामाची वाटणी अशी आहे. मी विमान, हवामान आणि रेडिओ बघते. तो कागदांचं फोल्डर, इंधनाची वही आणि वेळ बघतो. दर अर्ध्या तासाला किती इंधन उरलं ते तो लिहितो आणि मोठ्याने वाचतो. ‘आता वळायचं’ असं म्हणायचा अधिकार दोघांनाही सारखा आहे, आणि कुणीही म्हटलं तरी हवेत त्यावर वाद घालायचा नाही. वाद खाली उतरल्यावर.

स्पॅनिशची जबाबदारीही उजव्या सीटला देऊन टाका. आंतरराष्ट्रीय विमानतळांच्या टॉवरशी इंग्रजीत बोलता येतं, पण स्थानिक विमानं आपसांत स्पॅनिशच बोलतात आणि रॅम्पवरचं सगळं काम स्पॅनिशमध्ये चालतं. मराठी माणसाला ही भाषा जिभेवर बसायला सोपी जाते. तिचे स्वर आपल्यासारखे स्वच्छ आहेत, त-द दातांवरचे आहेत. ‘प्लान दे वुएलो’ म्हणजे फ्लाइट प्लॅन, ‘कोमांदान्सिया’ म्हणजे विमानतळावरची नागरी उड्डाण खात्याची कचेरी, ‘सेयो’ म्हणजे शिक्का. एवढ्या तीन शब्दांवर पहिला दिवस निघतो. शाकाहारी असाल तर चौथा शब्द ‘सिन मांतेका’. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी घालतात, ती नको असं सांगण्यासाठी.

काय न्यायचं नाही

बंदूक नाही, आणि तिची एक गोळीसुद्धा नाही. शिकारीला नेलेल्या पिशवीच्या कप्प्यात विसरलेल्या एका गोळीवरून माणूस तुरुंगात जाऊ शकतो. विमान आणि सगळ्या पिशव्या उलट्या करून झटका. सर्दीच्या ज्या औषधांत स्यूडोइफेड्रिन असतं त्यांवर मेक्सिकोत बंदी आहे. अमेरिकेत ती सहज मिळतात, म्हणून औषधांचा डबा वाचून भरा. व्हेपही घरी ठेवा.

न्यायचं ते पाणी. बाजाचा मधला भाग वाळवंट आहे, आणि तिथे उतरावं लागलं तर रस्ता कितीतरी लांब असू शकतो. माणशी दिवसाला एक गॅलन धरून दोन दिवसांचं पाणी, टोप्या, आरसा, प्रथमोपचार. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्‌झच्या आपत्कालीन यंत्राचा संदेश उपग्रह फेब्रुवारी २००९ पासून ऐकत नाहीत. ४०६ मेगाहर्ट्‌झचं यंत्र विमानात असावं, आणि अंगावर बाळगायचा एक छोटा बीकनही.

आदला दिवस आणि निघायची सकाळ

अमेरिकी कस्टम्सच्या ईएपिस या संकेतस्थळावर विमान, पायलट आणि प्रवासी यांची माहिती भरायची असते. जातानाची एक, येतानाची एक, आणि दोन्ही उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी. आम्ही परतीचीही घरूनच भरून निघतो, कारण बाजात इंटरनेटचा भरवसा नाही. परतीची तारीख बदलली तर नवीन भरता येते. माहिती भरली म्हणजे झालं असं नाही. परवानगीचा ईमेल आला पाहिजे आणि तो वाचला पाहिजे. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपली मधली नावं वडिलांची किंवा नवऱ्याची असतात, त्यांचा गोंधळ इथेच होतो.

मग ग्वाय्मासला फोन. तीन प्रश्न: उद्या विमानतळ किती ते किती उघडा आहे, इमिग्रेशनचे लोक असतील का, आणि अॅव्हगॅस, म्हणजे लहान विमानाचं पेट्रोल, आहे का.

फ्लाइट प्लॅन आंतरराष्ट्रीय नमुन्यात भरा, उड्डाणानंतर चालू करायला विसरू नका आणि सीमा ओलांडायच्या आधी कंट्रोलरकडून ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा, स्वतःचा वेगळा कोड घ्या. सीमेवर १२०० हा नेहमीचा सर्वसाधारण कोड चालत नाही. मेक्सिकोतलं पहिलं उतरणं प्रवेशाच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरच झालं पाहिजे. वाटेत कुठे सुंदर धावपट्टी दिसली तरी नाही.

घड्याळाचा नियम पाठ करा: मेक्सिकोत सूर्यास्तानंतर व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत केलेल्या, उड्डाणाला परवानगी नाही. डिसेंबरात लोरेतोला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आमचा घरचा नियम त्याहून कडक आहे. दुपारी तीनच्या आत दिवसाचं शेवटचं उतरणं. यामुळे सकाळची शांत हवा मिळते आणि एखाद्या कचेरीत दोन तास गेले तरी जीव घाबरा होत नाही.

ग्वाय्मासला उतरल्यावर

इंजिन बंद करा, उतरा, हसून नमस्कार करा. बहुतेक वेळा आधी गणवेशातले शस्त्रधारी जवान येतात. आपल्याला त्याची सवय नसते, पण हे नेहमीचंच आहे. ते नावं लिहून घेतात, कुठून आलात ते विचारतात, कधी सामान उघडायला सांगतात. न सांगता फोटो काढू नका.

त्यानंतर क्रम साधारण असा. इमिग्रेशनमध्ये पासपोर्ट आणि पर्यटकाचं परमिट. कस्टम्समध्ये सामान आणि जनरल डिक्लेरेशन, म्हणजे विमान आणि त्यातल्या माणसांची माहिती देणारा फॉर्म. कोमांदान्सियामध्ये विमानाचे कागद, लायसन्स, मेक्सिकन विमा, आणि तिथेच विमानाला देशात फिरायची परवानगी मिळते. एकदाच आत येण्याचा परवाना १८० दिवसांचा असतो. तो विमानाच्या आयुष्यातला सगळ्यात मौल्यवान कागद समजून फोल्डरच्या पहिल्या कप्प्यात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक विमानतळावर तो बघतात आणि देश सोडताना परत द्यावा लागतो. शेवटी उतरण्याचे पैसे आणि पुढच्या उड्डाणाचा फ्लाइट प्लॅन. मेक्सिकोत देशांतर्गत उड्डाणालाही फ्लाइट प्लॅन भरून त्यावर शिक्का घ्यायचा असतो.

खिडक्या तीन-चार, इमारती दोन, आणि प्रत्येक ठिकाणी पावती. दीड ते दोन तास धरा. घाई दाखवली की काम लांबतं, हा माझा अनुभव आहे. नवरा फोल्डर घेऊन पुढे असतो, मी विमानाजवळ इंधनाची वाट बघते. दोघांनी दोन कामं वाटून घेतली की तासभर वाचतो. पेसो रोख ठेवा, सुट्या नोटांत. कार्डाचं मशीन त्याच दिवशी बंद असतं.

इंधन

इथे जरा थांबून सांगते, कारण या एका बाबतीत चूक परवडत नाही.

लहान विमानाचं पेट्रोल मेक्सिकोत ‘गासाव्हियोन’ नावाने मिळतं, १००/१३० असा आकडा असतो. जेटचं इंधन ‘तुर्बोसिना’. दोन्ही ट्रक एकाच रॅम्पवर फिरतात. आपल्या इंजिनात तुर्बोसिना गेलं तर टाकीच्या नळीत उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर विमान धावपट्टी सोडतं आणि थोड्याच वेळात इंजिन बंद पडतं. म्हणून ट्रकवरचं नाव स्वतः वाचा, ‘गासाव्हियोन’ हा शब्द मोठ्याने म्हणा आणि टाकीचं झाकण भरून होईपर्यंत स्वतः उभे राहा. शंका आली तर थेंबभर इंधन पांढऱ्या कागदावर टाका. पेट्रोल उडून जातं, जेटचं इंधन तेलकट डाग ठेवतं. मोजमाप लिटरमध्ये असतं, १० गॅलन म्हणजे जवळपास ३८ लिटर. नवऱ्याच्या वहीत हा तक्ता पहिल्याच पानावर आहे.

गासाव्हियोन सगळीकडे नसतं. जिथे असतं तिथेही एखाद्या दिवशी संपलेलं असतं. दुसऱ्या वर्षी एका विमानतळावर सकाळी फोनवर ‘आहे’ म्हणाले होते, उतरलो तेव्हा टाकी कोरडी. ट्रक दुसऱ्या दिवशी आला. आमच्याकडे परत फिरण्याएवढं इंधन होतं, म्हणून तो फक्त एक मुक्काम ठरला. तेव्हापासून नियम असा: जिथे मिळेल तिथे टाकी भरायची, आणि पुढच्या ठिकाणी इंधन नाहीच असं धरून त्याच्याही पुढे जाता येईल एवढं ठेवायचं. दिवसाच्या उड्डाणासाठी अमेरिकी नियम ३० मिनिटांचा साठा मागतो. बाजात मी दीड तास ठेवते.

आखात ओलांडताना

ग्वाय्मास ते सांता रोसालिया सुमारे ८० नॉटिकल मैल पाणी. आमच्यासारखं विमान इंजिन बंद पडल्यावर दर हजार फुटांमागे साधारण दीड मैल तरंगत जातं. १०,५०० फुटांवरून म्हणजे १५-१६ मैल. दोन्ही किनाऱ्यांचे मिळून तीस-एकतीस मैल वजा केले, तर मधले पन्नासेक मैल, म्हणजे वीस-बावीस मिनिटं, कुठलाच किनारा हाताशी नसतो. ४,५०० फुटांवरून गेलात तर हाच काळ अर्ध्या तासाच्या घरात जातो. उंची ही अशी फुकट मिळणारी सुरक्षितता आहे. ग्वाय्माससमोर चकरा मारत उंची गाठा आणि मगच पाण्यावर जा.

लाइफ जॅकेट अंगात घालून निघा, मागच्या पिशवीत ठेवून नाही. ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर दारातून बाहेर पडता येत नाही. घरी सोफ्यावर बसून, डोळे मिटून, पट्टा सोडून दार उघडण्याचा सराव दोघांनी दहा वेळा करा. आम्ही तो दरवर्षी करतो.

मधल्या वीस मिनिटांत इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. तो बदललेला नसतो. अशा वेळी नवरा काटे वाचून दाखवतो: तेलाचा दाब, तेलाचं तापमान, इंधन. तो आवाज कानात असला की पुढचा तपकिरी किनारा लवकर येतो. सांता रोसालिया ओलांडलं की डावीकडे पाणी, उजवीकडे डोंगर. मुलेहे गावाजवळ खजुराच्या झाडांची हिरवी रेघ दिसते, मग बाहिया कोन्सेप्सिओनचं हिरवं-निळं पाणी आत शिरलेलं, आणि त्यानंतर सिएरा दे ला हिगांताच्या उभ्या कड्यांखाली लोरेतो. सह्याद्रीचे कडे बघून वाढलेल्या माणसाचा इथे गळा दाटून येतो.

लोरेतोला विमान नीट बांधा, चाकांना अडण लावा, पंख्याला कुलूप घाला. गावात १६९७ साली स्थापन झालेलं मिशन आहे. जानेवारी ते मार्च या काळात आखातात निळे देवमासे येतात, आणि रस्त्याने दोनेक तासांवर पॅसिफिकच्या बाजूला, मॅग्दालेना उपसागरात, करडे देवमासे पिल्लांसह असतात. तीन दिवस इथे राहा. उडण्याची घाई करू नका.

परत येताना

परतीची तयारी जाण्यापेक्षा काटेकोर लागते, कारण चूक झाली तर दंड अमेरिकेत बसतो. आगाऊ सूचना न देता उतरल्यास पायलटला पहिल्या वेळी ५,००० डॉलर, पुढच्या प्रत्येक वेळी १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

मेक्सिकोतून बाहेर पडतानाही आंतरराष्ट्रीय विमानतळावरूनच निघावं लागतं. आम्ही सोनोरातलं एर्मोसियो शहर धरतो. तिथे टाकी भरता येते, विमानाचा परवाना आणि पर्यटक परमिट परत देता येतं. दक्षिणेकडून आलेल्या विमानाने सीमा ओलांडलेल्या जागेच्या सर्वांत जवळच्या, कस्टम्सने ठरवून दिलेल्या विमानतळावर उतरायचं असतं. एर्मोसियोहून सरळ उत्तरेला आलं तर ते ॲरिझोनातलं सीमेवरचं नोगालेस. घर टुसॉनला असलं तरी आधी नोगालेस.

निघण्यापूर्वी नोगालेसच्या कस्टम्सला फोन करा. सीमा ओलांडायच्या किमान एक तास आधी त्यांना कळलेलं हवं, आणि सांगितलेल्या वेळेला पोहोचणं अपेक्षित असतं. फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलं म्हणजे निरोप पोहोचला असं समजू नका. फोनवर बोललेल्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं आणि बोलण्याची वेळ वहीत लिहून घ्या. मेक्सिकोतल्या कचेऱ्यांत उशीर झाला, तर पुन्हा फोन करून नवी वेळ द्या. हवेत वेळ भरून काढायला जाऊ नका.

फळं, मांस, बिया विमानातून काढून टाका. मेक्सिकोचा आताउल्फो आंबा पिवळा, गोड आणि बिनरेषांचा असतो. हापूसची आठवण काढणाऱ्या माणसाला तो सोडून येणं जड जातं, पण तो रॅम्पवर उभं राहून खाऊन टाका, पिशवीत ठेवू नका.

नोगालेसला उतरल्यावर दाखवलेल्या चौकोनात विमान उभं करा, इंजिन बंद करा आणि आतच बसून राहा. अधिकारी येऊन सांगेपर्यंत दार उघडायचं नाही, सामानाला हात लावायचा नाही. उन्हात केबिन तापते, म्हणून पाण्याची बाटली हाताशी ठेवा. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, लायसन्स, मेडिकल आणि नोंदणीपत्र या क्रमाने वर काढलेलं फोल्डर उजव्या सीटवरच्या माणसाच्या मांडीवर असू द्या. तुम्ही तोवर रेडिओवर फ्लाइट प्लॅन बंद करा.